रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व : आकडा आणि आजार

काशीच्या पक्क्या महालात, पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मागील अंगास, दूधविनायक नावाची वस्ती आहे. पेशवाईच्या काळापासून महाराष्ट्रातून गंगातीरी येऊन राहिलेल्या वैदिकांची, शास्त्र्यांची आणि आश्रितांची घराणी या भागात पिढ्यानुपिढ्या नांदत आली. गल्ल्या अरुंद, वाडे उंच आणि एकमेकांस खेटलेले. तळमजल्यावरील खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा एखाद्या वाड्यात हल्ली प्रयोगशाळेचा एक कागद येऊन पडतो. त्यावर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या नावापुढे एक आकडा असतो, समजा १७, आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत ‘कमतरता’ असा शेरा असतो. गुडघेदुखी, थकवा, केस गळणे, झोप न लागणे या घरातील साऱ्या तक्रारींना त्या एका शेऱ्यात उत्तर सापडल्यासारखे वाटते. औषधाच्या पुड्या येतात आणि शेजारच्या बिऱ्हाडातील मंडळीही आपापले रक्त तपासून घेतात. त्यांचेही आकडे बहुधा कमीच निघतात.

या प्रसंगात दोन चुका संभवतात, आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. ज्याला काही झालेले नाही तो आकड्यामुळे रोगी ठरतो ही पहिली चूक. ज्या वृद्धेची हाडे खरोखर मऊ होत चालली आहेत तिचा कागद ‘सर्वांचेच कमी असते’ असे म्हणून बाजूस ठेवला जातो ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा अधिक घातक होय. दोन्ही टाळावयाच्या असतील तर तो आकडा कशाचे माप आहे, त्याच्या सीमारेषा कोणी व कशा आखल्या आणि त्या रेषांचा कितपत भरवसा धरावा, हे समजून घेतले पाहिजे.

दूध, ऊन आणि हाडे

वस्तीच्या नावातच दूध आहे आणि दुधाने हाडे बळकट होतात हे प्रत्येक घरास ठाऊक आहे. हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. दुधात कॅल्शियम विपुल असते, परंतु ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जाण्यास हे जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी दूध पोटात जाऊनही त्यातील कॅल्शियमचा मोठा भाग वाया जातो. मासळीचे तेल, काही मासे, अंड्याचा बलक यांत ते आढळते. शाकाहारी ताटात त्याचा मागमूस फारच थोडा. म्हणून बहुसंख्य भारतीयांस ते मिळते ते अन्नातून नव्हे, तर उन्हातून.

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी एका ठरावीक पट्ट्यातील, म्हणजे सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर पडले म्हणजे हे जीवनसत्त्व तयार होते. यकृतात त्याचे पहिले रूपांतर होते आणि मूत्रपिंडात दुसरे. दुसऱ्या रूपांतरानंतर जे द्रव्य बनते तेच शरीरात प्रत्यक्ष कार्य करते. परंतु रक्ततपासणीत मोजले जाते ते यकृतातील पहिले रूप. याचे कारण असे की ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते आणि शरीरातील साठ्याची कल्पना देते. कार्यकारी रूप काही तासांतच नाहीसे होते. शिवाय शरीर तुटवड्याच्या काळातही ते निकराने टिकवून धरते, त्यामुळे त्याच्या मोजणीवरून फसगत होण्याचा संभव असतो. कागदावरील आकडा, तात्पर्य, कोठारातील धान्याचा आहे. चुलीवर काय शिजते आहे हे तो सांगत नाही.

मुडदुसाचा इतिहास

‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग विज्ञानास जीवनसत्त्वाच्या आधी ठाऊक होता. लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकतात, छाती पुढे येते, मनगटे जाड होतात. मराठीत यास मुडदूस म्हणतात. प्रौढांत, विशेषतः वारंवार बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत, हाच विकार अस्थिमार्दवाच्या रूपाने दिसतो. १८२२ मध्ये श्न्यादेत्स्की या पोलिश वैद्याने शहरातील मुलांत हा रोग अधिक आणि खेड्यातील मुलांत कमी असल्याचे नोंदवून त्याचा संबंध उन्हाशी जोडला. जपानात राहिलेल्या पाम या इंग्रज वैद्याने १८९० मध्ये देशोदेशींची माहिती जमवून तेच प्रतिपादन केले. १९१९ मध्ये बर्लिन येथे हुल्डशिन्स्कीने पाऱ्याच्या दिव्याच्या जंबुपार प्रकाशाने मुडदूस बरा करून दाखविला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेलॅन्बीने कुत्र्यांवरील प्रयोगांनी माशाच्या तेलाचा गुण सिद्ध केला. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलमने त्या तेलातील द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे दाखविले आणि त्यास ‘ड’ हे नाव मिळाले.

या इतिहासात महाराष्ट्राचेही एक पान आहे. १९२२ मध्येच हचिसन आणि शाह यांनी नाशिक येथील पाहणीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या सुस्थित घरांतील स्त्रिया व त्यांची तान्ही मुले यांचा आहार चांगला असूनही त्यांच्यात हाडांचा हा विकार आढळे. ज्यांचे अन्न निकृष्ट, परंतु ज्या बाया लेकरासह दिवसभर उघड्यावर काम करीत, त्यांची मुले मात्र त्यातून सुटत. ऊन फुकट असूनही सर्वांस सारखे मिळत नाही, हे सत्य तेव्हाच नाशिकने जगासमोर मांडले होते.

गल्लीचे भूमितिशास्त्र

दूधविनायकासारख्या वस्तीत हा प्रश्न भूमितीचाही आहे. समजा, गल्ली दोन मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दहा मीटर उंच आहेत. गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे एकोणऐंशी अंशांपेक्षा वर असल्याखेरीज त्याचा एकही सरळ किरण फरसबंदीपर्यंत पोचणार नाही. काशी सुमारे २५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य अवघा ४१ अंश चढतो. जूनमध्ये तो ८८ अंशांवर जातो. म्हणजे अशा गल्लीत उन्हाळ्याचे काही महिने सोडले तर जमिनीवर ऊन पडतच नाही. गल्ली दक्षिणोत्तर असेल तर मध्यान्हीच्या सुमारास अर्धा-पाऊण तास ते पडेल, इतकेच. जंबुपार किरणांचा मोठा हिस्सा सूर्याकडून थेट न येता साऱ्या आकाशातून विखरून येतो. परंतु गल्लीत उभे राहणाऱ्यास आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते, त्यामुळे तो हिस्साही कापला जातो. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळपास आत येत नाहीत.

मग घाट आणि गच्ची राहिली. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत आणि प्रातःस्नान करून उगवत्या सूर्यास अर्घ्य देणाऱ्यास वाटते की आपणास ऊन भरपूर मिळते. मराठी घरांतून तान्ह्या बाळास तेल चोळून कोवळ्या उन्हात धरण्याची रीतही जुनी आहे. या चालींचे इतर गुण असोत; ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने कोवळे ऊन फारसे फलदायी नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांस वातावरणाच्या जाड थरातून तिरपे यावे लागते आणि नेमका उपयोगी पट्टाच वाटेत शोषला जातो. एक साधी खूण अशी की, स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा लांब असेल तेव्हा त्वचेत हे जीवनसत्त्व थोडेच बनते. काशीत डिसेंबरच्या अखेरीस ही सावली भर मध्यान्हीही उंचीपेक्षा किंचित लांबच असते. त्यात पौषाचे धुके आणि शहराचा धूर यांची भर पडते. दिल्लीत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोरी गेट या धुराने भरलेल्या भागातील लहान मुलांची रक्तातील सरासरी सुमारे १२ नॅनोग्रॅम निघाली, तर त्या वेळच्या मोकळ्या गुडगावातील मुलांची सुमारे २७. गच्चीवर मात्र आकाश पुरते उघडे असते, आणि माकडांच्या भयाने तिच्यावर जाळी बसविलेली असली तरी ऊन त्यातून येते. परंतु गुडघे धरलेली जी वृद्धा तीन अरुंद जिने चढू शकत नाही, तिला ती गच्ची असून नसल्यासारखीच.

तथापि सारा दोष गल्लीवर टाकणे न्याय्य होणार नाही. लखनौ येथील २०७ गर्भवतींच्या पाहणीत, जी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, शंभरांतील ८४ स्त्रियांचा आकडा २२.५ नॅनोग्रॅमच्या खाली आढळला. आणि शहरी व ग्रामीण स्त्रियांत या बाबतीत फरक जवळजवळ नव्हताच. खेड्यात ऊन आहे, पण स्त्री उंबऱ्याच्या आत, अंगभर वस्त्रात आणि डोक्यावरून पदर घेऊन आहे. शिवाय आहारात कॅल्शियम थोडे असेल तर शरीर ‘ड’ जीवनसत्त्वाचा साठा अधिक वेगाने संपविते, असे १९८७ मध्ये प्रयोगांनी दिसून आले. कमी ऊन आणि कमी दूध, ही दोन कारणे एकमेकांस हात देतात.

सीमारेषा कोठून आली?

आता कागदावरील रेषेकडे वळू. बहुतेक प्रयोगशाळा हा आकडा दर मिलिलिटर रक्तरसात किती नॅनोग्रॅम या मापात देतात. काही ठिकाणी तो नॅनोमोल दर लिटर या मापात असतो. त्यास अडीचने भागले म्हणजे पहिले माप मिळते. एका कागदावरील ४५ आणि दुसऱ्यावरील १८ हे एकच होत. माप न पाहता दोन कागदांची तुलना करून ‘औषधाने आकडा घसरला’ असे मानणारे थोडे नाहीत.

अनेक कागदांवर तीन पायऱ्या छापलेल्या असतात : २० च्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरेपणा, ३० च्या वर पुरेसे. ही विभागणी अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये सुचविली होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या समितीने उपलब्ध पुरावा तपासून वेगळा निष्कर्ष काढला. तिच्या मते १६ नॅनोग्रॅम या पातळीस निम्म्या लोकांच्या हाडांची गरज भागते, आणि २० या पातळीस शंभरांतील सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोकांची. म्हणजे २० ही अशी रेषा होय की तिच्यावर असलेल्या जवळजवळ कोणासही हाडांच्या दृष्टीने चिंता नको. तिच्याखालील प्रत्येकास उणीव आहे असा तिचा अर्थ होत नाही.

हा भेद सूक्ष्म वाटेल, पण साऱ्या गोंधळाचे मूळ त्यातच आहे. पंगतीचा आचारी पोळ्यांचा अंदाज बांधतो तेव्हा तो सर्वांत मोठ्या भुकेचा विचार करतो. सामान्य माणसाचे पोट चार पोळ्यांत भरत असले तरी कोणी अर्धपोटी उठू नये म्हणून तो माणशी सहा धरतो. आता पंगतीत पाच पोळ्या खाऊन उठलेल्याकडे बोट दाखवून ‘हा उपाशी राहिला’ असे कोणी म्हणेल काय? ज्यांचा आकडा १७ किंवा १८ आहे त्यांना सरसकट ‘कमतरता’ हा शेरा देणे म्हणजे नेमके असेच म्हणणे होय. या समितीशी संबंधित काही शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हा गैरसमज स्पष्ट शब्दांत दाखवून दिला. आणि २०२४ मध्ये खुद्द एंडोक्राइन सोसायटीने आपल्या जुन्या पायऱ्या मागे घेतल्या व निरोगी प्रौढांनी ही तपासणी नित्य म्हणून करू नये असे सुचविले. रेषा आखणाऱ्यांनी रेषा पुसली. छापील कागदांवर मात्र ती अनेक ठिकाणी तशीच राहिली आहे.

रेषेप्रमाणे मोजणीसही मर्यादा आहेत. निरनिराळ्या पद्धतींनी एकाच रक्ताचे निकाल वेगळे येतात. त्यांचा मेळ घालण्यासाठी प्रमाणित नमुने आणि आंतरराष्ट्रीय पडताळणीच्या योजना निर्माण झाल्या, तरी तफावत संपूर्ण गेलेली नाही. एका ठिकाणचा १८ दुसरीकडे १६ किंवा २१ निघू शकतो. माघात घेतलेला आकडा आणि आश्विनात घेतलेला आकडा सारखा नसतो. तीव्र आजारपणात तो खाली जातो. स्थूल व्यक्तींत तो कमी दिसतो. इतक्या हलत्या मापावर १९ आणि २१ यांच्यामध्ये आरोग्य आणि रोग यांची भिंत उभारणे शास्त्रास धरून नाही.

प्रतिपक्ष

या मतास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणे योग्य. ते म्हणतात की ३० किंवा त्याहून अधिक हीच मानवाची स्वाभाविक पातळी आहे. पूर्व आफ्रिकेत उघड्यावर जगणाऱ्या मसाई व हाड्झा लोकांत २०१२ च्या पाहणीत सरासरी सुमारे ४६ आढळली. शिवाय कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, नैराश्य अशा कितीतरी विकारांत हा आकडा कमी सापडतो.

पहिल्या मुद्द्यास उत्तर असे की, उघड्यावर राहणाऱ्याच्या रक्तात जे आढळते ते त्याच्या जीवनक्रमाचे फळ होय. तेवढे प्रत्येकास आवश्यकच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरा मुद्दा अधिक मोहक आहे. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून त्याला ऊन मिळत नाही आणि त्याचा आकडा कमी येतो. येथे कमी आकडा आजाराचा परिणाम असतो, कारण नव्हे. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरविण्याचा मार्ग एकच : लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे, एकास जीवनसत्त्व द्यावयाचे, दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण गोळी, आणि वर्षानुवर्षे पाहावयाचे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर असा प्रयोग झाला. रोज २,००० एकके सुमारे पाच वर्षे देऊनही कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्थिभंगही कमी झाले नाहीत, असे २०२२ मध्ये. ऑस्ट्रेलियात साठी ओलांडलेल्या एकवीस हजारांहून अधिक लोकांस दरमहा ६०,००० एकके देऊन पाहिली. मृत्यूचे प्रमाण बदलले नाही.

या प्रयोगांचाही अर्थ मर्यादेत घेतला पाहिजे. त्यांतील बहुतेक लोकांस मुळात फारशी उणीव नव्हती. भरलेल्या घागरीत पाणी ओतून तहान भागते की नाही हे कळत नाही. ज्या वृद्धेचा आकडा ६ आहे तिच्यासाठी हे निष्कर्ष नाहीत. परंतु १८ वरून ३५ वर गेल्याने सर्व व्याधी दूर होतील या आशेस त्यांनी आधार ठेवलेला नाही.

खरी उणीव कशी ओळखावी?

आकडा १० ते १२ च्या खाली गेला म्हणजे प्रकरण निराळे होते. तेथे मुडदूस व अस्थिमार्दव यांचा धोका प्रत्यक्ष असतो. तरीही निदान एकट्या आकड्यावर करावयाचे नसते. त्याच रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, तसेच गरजेनुसार परावटु ग्रंथीचा स्राव पाहिला म्हणजे हाडांवर खरोखर ताण पडला आहे की नाही ते समजते. लखनौच्या ज्या पाहणीत ८४ टक्के स्त्रियांचा आकडा कमी होता, तीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेल्या स्त्रिया १४ टक्के होत्या. या दोन संख्यांमधील अंतर हेच आकडा आणि आजार यांमधील अंतर होय. आणि त्या चौदा स्त्रिया काल्पनिक नाहीत, हेही तितकेच विसरता कामा नये.

शरीरही साक्ष देते. जमिनीवर बसलेल्या बाईस उठताना हात टेकावा लागणे, जिना चढताना मांड्यांत बळ न राहणे, चालताना दोन्ही बाजूंस डोलणे, नडगी किंवा बरगडी दाबली असता हाड दुखणे, ही अस्थिमार्दवाची लक्षणे होत. ‘वयच झाले आता’ असे म्हणून घरोघर त्यांची बोळवण केली जाते. वास्तविक हा बऱ्या होणाऱ्या विकारांपैकी एक आहे. योग्य मात्रा आणि पुरेसे कॅल्शियम मिळाल्यास काही महिन्यांत अशी स्त्री पुन्हा आधाराशिवाय उठू-बसू लागते. निरोगी तरुणांच्या तपासणीवर होणारा खर्च पाहिला आणि माजघराच्या अंधारात बसलेल्या या आजीचे रक्त कोणीच तपासले नाही हे पाहिले, म्हणजे विषमता कोठे आहे ते कळून येते.

मात्रेचा विवेक

उपचारातही तारतम्य हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास रोज ६०० एककांची गरज धरली आहे. बाजारात सर्रास मिळणारी पुडी ६०,००० एककांची असते. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची शिधा. उणीव सिद्ध झाली असता डॉक्टर ती आठवड्यास एक अशी काही आठवडे देतात, आणि ते युक्त आहे. परंतु ‘आठवड्यास’ हा शब्द ऐकण्या-लिहिण्यात निसटला आणि ती रोज घेतली गेली, तर महिनाभरात अठरा लाख एकके पोटात जातात. ही आठ वर्षांहून अधिक काळाची शिधा झाली. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांप्रमाणे लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, अतितहान, भ्रम आणि मूत्रपिंडास इजा होते. काश्मीरमधील डॉक्टरांनी २०११ मध्ये असे विषारी परिणाम झालेले रुग्ण नोंदविले आहेत. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांस वर्षातून एकदा ५ लाख एककांची मोठी मात्रा देऊन पाहिली, तेव्हा पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. उन्हाचे मात्र असे होत नाही. ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा द्रव्य आपणच मोडून टाकते. निसर्गाने जेथे कुलूप घातले आहे तेथे पुडीस कुलूप नाही. ते विवेकानेच घालावयाचे असते.

कर्तव्य कोणते?

या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. ज्यास तक्रार नाही त्याने या तपासणीच्या मागे लागू नये. ज्यांस उणीव असणे जवळजवळ गृहीत आहे, अशांस तपासणीवाचूनही अल्प नित्य मात्रा देणे श्रेयस्कर. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तान्ह्या बाळास पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब देण्याची शिफारस केली आहे, आणि गर्भवती व घराबाहेर न पडणारी वृद्ध माणसे यांस डॉक्टरांच्या सल्ल्याने अशीच मात्रा देता येते. एका तपासणीच्या मोलात अशा औषधाचे कित्येक महिने निघतात. ज्यास लक्षणे आहेत, ज्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा आतडे बिघडलेले आहे, अथवा जो फेफऱ्यावरील काही औषधे घेतो, त्याची तपासणी मात्र अवश्य व्हावी, आणि ती जोडीच्या चाचण्यांसह व्हावी.

प्रयोगशाळांनी जुन्या तीन पायऱ्या छापणे थांबवून, आकड्याचा अर्थ वय, ऋतू आणि लक्षणे यांच्या संदर्भात डॉक्टरांकडून समजून घ्यावा, एवढे वाक्य छापले तरी मोठे काम होईल. घरातील मंडळींनी म्हाताऱ्या माणसांस कोवळ्या उन्हाऐवजी उतरत्या सकाळी, म्हणजे दहा-अकराच्या सुमारास, थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून गच्चीवर किंवा घाटावर बसविण्याची तजवीज करावी. उन्हाळ्यात काही मिनिटे पुरतात, हिवाळ्यात अधिक लागतात, आणि कातडी भाजेपर्यंत बसण्याची गरज कधीच नसते. जिना चढणे अशक्य असेल तेथे औषध हेच ऊन.

उरलेले काम समाजाचे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार ‘ड’ मिसळलेल्या दुधात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० एकके असतात. एका पेल्यातून चाळीस ते साठ एकके मिळतील. हे थोडे आहे, परंतु रोजचे आहे आणि गरीब-श्रीमंत भेद करीत नाही. शहरांची रचना करताना स्त्रियांस व वृद्धांस निर्धास्तपणे बसता येईल अशी उन्हाची जागा ठेवणे हेही आरोग्याचेच काम होय. नाशिकच्या पाहणीने शंभर वर्षांपूर्वी हेच सुचविले होते. तेव्हा रक्तातील आकडा मोजण्याचे साधन नव्हते, तरी रोग कोणास होतो हे डोळ्यांस दिसत होते. आज साधन आहे. त्याने घरोघरी भीती वाटत फिरण्याऐवजी दूधविनायकाच्या माजघरातील त्या आजीपर्यंत पोचावे, यातच त्याची सार्थकता आहे.